दमा असलेल्या मोठ्या माणसांसाठी श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम: सुरुवात कशी करावी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम’ एवढंच लिहिलं होतं. मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली, त्यांनी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र हातात ठेवलं, आणि पुढचा दीड महिना मी रोज सकाळी त्या गोळ्या वर चढवत बसले. तिन्ही गोळ्या छान चढायला लागल्या. भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचताना लागणारी धाप मात्र तसूभरही कमी झाली नाही. यंत्रच चुकीचं होतं, हे एका फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर कळलं.

मला दमा आहे त्याला आता बत्तीस वर्षं झाली. साताऱ्यात राहते, शाळेत शिकवते, म्हणजे दिवसाचे चार-पाच तास बोलण्याचंच काम. हा व्यायाम गेली दोन वर्षं करते आहे. तुमचा तो दीड महिना वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या छातीच्या डॉक्टरांचा. आणि हे सगळं मोठ्या माणसांसाठी आहे, मुलांवर प्रयोग करू नका.

१. यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही

दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि आकसतात. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. आधीची हवा पुरती निघायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो, म्हणून छाती फुगलेलीच राहते. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा एक स्नायू असतो, श्वासपटल. श्वास घेण्याचं मुख्य काम त्याचं. छाती फुगलेली राहिली की हा घुमट चपटा होतो आणि त्याला जोर लावायला जागाच उरत नाही. कोपरात हात आधीच पूर्ण दुमडलेला आहे आणि आता बादली आणखी वर उचला म्हटलं, तर कसं होईल? तसं. स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागल्या असतील तर त्यांनीही स्नायू कमकुवत होऊ शकतात.

या व्यायामात श्वासपटलाला आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना मोजून वजन दिलं जातं, व्यायामशाळेत दंडाला देतात तसंच. स्नायू बळकट झाले की तेवढ्याच कामाला कमी धाप लागल्यासारखं वाटतं.

श्वासनळ्यांची सूज मात्र याने उतरत नाही. ती उतरवतो तुमचा रोजचा पंप. वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१३ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांच्या हाती पाच अभ्यास आणि सगळे मिळून ११३ प्रौढ रुग्ण होते. श्वास ओढण्याची ताकद वाढलेली दिसली, सरासरी सुमारे १३ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी (हे माप काय ते सहाव्या पायरीत येईल). अटॅक कमी होतात का, औषध कमी लागतं का, यावर मात्र ठाम काही म्हणता येईल एवढा पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘या यंत्राने पंप सुटतो’ असं सांगून कोणी यंत्र विकत असेल तर तिथून घेऊ नका.

२. तुमच्यासाठी आहे का, ते आधी विचारा

पुढच्यापैकी काहीही लागू असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय सुरू करू नका:

- पूर्वी कधी फुप्फुसाभोवती हवा शिरून फुप्फुस बसलं असेल
- अलीकडे छातीचं, पोटाचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल
- बरगडी मोडली असेल किंवा हाडं फार ठिसूळ झाली असतील
- कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कानाचा ताजा आजार असेल
- हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदय कमजोर असेल

आणखी एक गट आहे, आणि तो दम्याच्या लोकांना नीट माहीत नसतो. काहींना श्वासनळ्या बऱ्याच आकसल्या तरी धाप जाणवतच नाही आणि मग एकदम मोठा अटॅक येतो. ‘सकाळपर्यंत बरा होता आणि दुपारी आयसीयूत’ असं ज्यांच्याबाबतीत घडलेलं आहे, त्यांनी हा व्यायाम करू नये. यंत्राच्या माहितीपत्रकातही हा इशारा असतो, पण तो बारीक अक्षरात असतो.

३. आधी दमा आटोक्यात आणा

गेल्या चार आठवड्यांचा हिशेब करा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? सुटकेचा पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम पडावा म्हणून घेतात तो, आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, यंत्र नंतर घ्या.

जाताना पंप घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. मी अठ्ठावीस वर्षं रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचा पंप) वापरत होते आणि कॅप्सूल फिरवल्यावर आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. निम्मं औषध तोंडातच राहत असणार. नुसती ही सवय बदलली तर पंधरा दिवसांत रात्रीचा खोकला गेला.

तुमच्याकडे फक्त निळा, सुटकेचा पंप असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ‘जीना’ या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना २०१९ पासून स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांचा दमा नुसत्या सुटकेच्या पंपावर चालवू नये.

४. काय काय लागेल

- ताज्या स्पिरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून करायच्या फुप्फुसांच्या चाचणीचा रिपोर्ट (बऱ्याच ठिकाणी ‘पीएफटी’ म्हणतात)
- सध्याच्या औषधांची चिठ्ठी आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद
- पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारं छोटं यंत्र
- श्वास आत ओढण्याचं, स्प्रिंगवालं यंत्र
- नाकाला लावायचा चिमटा, हा बहुतेक वेळा यंत्राबरोबरच येतो
- एक वही
- हातरुमाल, कारण तोंडात नळी धरली की लाळ सुटतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही

पीक फ्लो मीटर ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका. ते का लागतं ते आठव्या पायरीत येईल.

५. योग्य यंत्र ओळखा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

*तीन गोळ्यांचं यंत्र.* कोविडच्या काळात हे घरोघरी आलं. ऑपरेशननंतर किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुस नीट उघडावं म्हणून ते देतात, आणि त्या कामाला ते चांगलं आहे. त्यात हवा किती वेगाने ओढली ते दिसतं. पण स्नायूला मोजलेलं वजन मिळत नाही, आणि ते वाढवायची सोयही नाही.

*फुंकायची यंत्रं.* यात जोर श्वास सोडताना लागतो. कफ सुटावा म्हणून काही रुग्णांना ती देतात. नावाचा घोळ इथेही आहे: ‘थ्रेशोल्ड पीईपी’ हे फुंकायचं आणि ‘थ्रेशोल्ड आयएमटी’ हे ओढायचं, दिसायला दोन्ही भावंडं. ऑर्डर देताना शेवटची तीन अक्षरं वाचा.

*भोकांची चकती असलेली यंत्रं.* ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच अशी असतात. चकती फिरवली की भोक लहान होतं. अडचण अशी की हळू ओढलं की तीच चकती सोपी वाटते, त्यामुळे आज खरंच किती वजन उचललं ते कळत नाही.

*स्प्रिंगचं यंत्र.* हे हवं. आत स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. ठरवलेल्या जोरापेक्षा कमी जोर लावला तर ती उघडतच नाही, हळू ओढा नाहीतर जोरात. ‘थ्रेशोल्ड आयएमटी’वर दाबाचे आकडे थेट लिहिलेले असतात, ४१ सेंटिमीटर पाण्यापर्यंत. ‘पॉवरब्रीद’सारख्या यंत्रांत हलक्या-भारी स्प्रिंगची वेगवेगळी मॉडेलं असतात. दम्यासाठी हलकं मॉडेल पुरतं. खेळाडूंसाठीचं भारी मॉडेल चुकून मागवलं तर त्याची सगळ्यात सैल खूणही सुरुवातीला फार जड जाऊ शकते. स्प्रिंगच्या यंत्राला काही हजार रुपये पडतात, म्हणून घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडचं एकदा वापरून बघा.

६. सुरुवातीचं वजन ठरवा

श्वास ओढण्याची तुमची जास्तीत जास्त ताकद मोजता येते. पूर्ण श्वास सोडायचा आणि बंद नळीतून सगळा जोर लावून आत ओढायचं, बस. आकडा ‘सेंटिमीटर पाणी’ या मापात येतो. उभ्या नळीतून तेवढ्या उंचीपर्यंत पाणी खेचण्याइतका जोर, असा त्याचा अर्थ. चाचणीचं नाव ‘एमआयपी’. साध्या लॅबमध्ये ती सहसा नसते, मोठ्या रुग्णालयाच्या पीएफटी विभागात आधी फोन करून विचारा. मी पुण्याला जाऊन केली. माझा आकडा आला ५२.

सुरुवात साधारण त्याच्या तीस टक्क्यांनी करतात. ५२ चे तीस टक्के म्हणजे जवळपास १६, म्हणून माझं यंत्र १६ वर लावलं. चाचणी करता आली नाही तर फिजिओथेरपिस्टसमोर सगळ्यात हलक्या खुणेपासून सुरू करा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे आता नाहीच जमत, असं धरलं तर तिसावा श्वास चार-पाचच्या आसपास वाटला पाहिजे.

७. पहिला दिवस

जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. माझा सकाळचा क्रम असा: पीक फ्लो मोजायचा, रोजचा पंप घ्यायचा, चूळ भरायची, पंधरा-वीस मिनिटांनी व्यायाम, मग चहा.

पाठीचा कणा ताठ, पाय जमिनीवर, पाठ खुर्चीला न टेकवता बसा. नाकाला चिमटा लावा. नळी तोंडात, ओठ तिच्याभोवती घट्ट.

आता आधी श्वास सोडा, जाईल तेवढा. पहिल्याच दिवशी मी सवयीने फुंकायला लागले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “मॅडम, फुंकू नका. रिकाम्या व्हा, आणि मग ओढा.” रिकामं झाल्यावर एका दमात, जोरात, पोटापासून ओढा. आधी काहीच होत नाही, भिंतीला तोंड लावल्यासारखं वाटतं. मग झडप ‘टक्’ करून उघडते आणि हवा सूं करत आत येते. हा सूं आवाज श्वास पूर्ण भरेपर्यंत टिकला पाहिजे. मध्येच तुटला तर जोर मध्येच सुटला असं समजा. एक तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवा, त्या बाजूला फाकलेल्या हाताला कळल्या पाहिजेत. खांदे कानांकडे चढत असतील किंवा गाल आत ओढले जात असतील तर काम दुसरेच स्नायू करत आहेत.

सोडताना घाई नको. सुस्कारा सुटतो तसा श्वास आपोआप जाऊ द्या, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुढचा.

असे तीस श्वास, सकाळी आणि संध्याकाळी. पहिल्या आठवड्यात मी दहा-दहाचे तीन भाग करायचे, मध्ये एक मिनिट विश्रांती. मोजताना गोंधळ व्हायचा, कारण तोंडात नळी आणि लक्ष श्वासात. मग वाघ्या घेवड्याचे तीस दाणे एका वाटीत घेतले आणि दर श्वासाला एक दाणा शेजारच्या वाटीत टाकू लागले. अजूनही तसंच करते. दाणा उचलून टाकेपर्यंत जो वेळ जातो, तेवढाच थांबा दोन श्वासांमध्ये हवा असतो.

चक्कर आली, ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही फार भरभर श्वास घेत आहात. नळी काढा, नेहमीसारखा श्वास घ्या, आणि उरलेले हळू करा. छातीत दुखलं, कानात दुखलं किंवा घरघर सुरू झाली तर त्या दिवशी बंद. घरघरीला सुटकेचा पंप घ्या आणि डॉक्टरांना कळवा. सुटकेचा पंप व्यायामाच्या वेळी हाताशीच ठेवा, कपाटात नको. पंप घेऊनही उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

८. वजन वाढवणं, आणि चौथ्या आठवड्यानंतरचा सापळा

तीसही श्वास सहज व्हायला लागले, दहापैकी तीनच्या खाली वाटायला लागले, की वजन थोडं वाढवा. ‘थोडं’ म्हणजे दोन सेंटिमीटर किंवा पाव फेरा. वाढवल्यावर पंचविसावा-सव्विसावा श्वास जड गेला पाहिजे, पण सूं आवाज तुटता कामा नये. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त वाढवू नका. एमआयपीच्या पन्नास टक्क्यांच्या पुढे जायचं असेल तर विचारून.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक जाणवत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. मला पाचव्या आठवड्यात जाणवला. वर्गात लांबलचक उतारा वाचून दाखवताना मध्ये थांबायची जागा शोधावी लागली नाही. बाराव्या आठवड्यात माझा ५२ चा आकडा ७१ झाला होता.

पण त्याआधी नवव्या आठवड्यात जे झालं ते सांगायलाच हवं. इतकं बरं वाटत होतं की संध्याकाळचा रोजचा पंप मी आधी अधूनमधून, मग रोजच चुकवायला लागले. पीक फ्लो लिहिणंही थांबलं होतं. एका पहाटे तीनला खोकल्याने जाग आली. मीटर फुंकलं तर २९०. माझा सर्वोत्तम आकडा ३८०. दुसऱ्या दिवशी २७५. जिना चढताना मला त्या आठवड्यात धाप लागलेली नव्हती! डॉक्टरांनी समजावलं ते असं: नळ्या पुन्हा सुजत होत्या, पण तयार झालेले स्नायू त्या अरुंद नळ्यांतूनही हवा ओढून घेत होते, त्यामुळे धापेची जी सूचना मला पूर्वी लवकर मिळायची ती मिळालीच नाही. पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या.

म्हणून पीक फ्लो मीटर. रोज सकाळी पंपाच्या आधी, उभं राहून, तीनदा फुंका आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहा. दमा आटोक्यात असतानाचा सर्वोत्तम आकडा धरून हिशेब मांडा. माझ्या ३८० चे ८० टक्के म्हणजे ३०४, आणि ५० टक्के म्हणजे १९०. ३०४ च्या वर हिरवा पट्टा, व्यायाम चालू. ३०४ आणि १९० च्या मध्ये पिवळा, व्यायाम बंद आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध. १९० च्या खाली लाल: सुटकेचा पंप घ्यायचा आणि थेट दवाखाना. तुमचे तीन आकडे काढून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. बरं वाटतंय की नाही, हे त्या पानाला विचारा. रोजचा पंप कमी करायचा का, हे फक्त डॉक्टर ठरवतील.

९. प्राणायाम करतो, मग हे कशाला?

हा प्रश्न मला शाळेच्या स्टाफरूममध्ये दर आठवड्याला येतो. अनुलोम-विलोम, दीर्घ श्वसन मीही करते. श्वास संथ होतो, घाबरेपणा कमी होतो. दम्याच्या लोकांना श्वसनाच्या व्यायामांनी बरं वाटतं याला आधारही आहे. पण त्यात स्नायूवर मोजलेलं, वाढवत नेता येणारं वजन नसतं. कपालभातीत तर जोर श्वास सोडण्यावर असतो, आणि मला त्याने खोकल्याची उबळ येते. दोन्ही करायचं असेल तर मध्ये तासभर जाऊ द्या. एकामागोमाग केलं की चक्कर येते.

१०. सर्दी, धूळ, दिवाळी

सर्दी-ताप, सायनस, कान ठणकणं: पूर्ण बंद. अटॅक येऊन गेला असेल तर पीक फ्लो पुन्हा हिरव्या पट्ट्यात स्थिरावेपर्यंत आणि डॉक्टर सांगेपर्यंत बंद. पुन्हा सुरू करताना आधीचं वजन लावू नका. मी दोन आठवडे चुकले तर चार-पाच सेंटिमीटर खाली उतरते.

जागा नीट निवडा. यंत्रातून तुम्ही नेहमीपेक्षा खोल आणि जोरात हवा ओढता, तीही तोंडाने, नाकाची चाळणी नसताना. देवघरातल्या उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, पावसाळ्यात भिंतीवर आलेली बुरशी, घरात झाडलोट चालू असताना उडणारी धूळ, यातलं काही असेल त्या खोलीत करू नका. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी व्यायाम करतच नाही, फटाक्यांचा धूर दुसऱ्या दिवशी सकाळीही हवेत असतो.

११. साफसफाई

रोज वापरानंतर वाहत्या पाण्याने धुवा, आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात भिजवा, झटका आणि फडक्यावर सावलीत वाळू द्या. उकळू नका, प्लास्टिक वाकतं आणि झडप नीट बसत नाही. ओलं यंत्र डबीत बंद करू नका. घरात दोघांना दमा असला तरी यंत्र प्रत्येकाचं वेगळं.

१२. बारा आठवड्यांनंतर

बारा आठवडे झाले की पुन्हा एमआयपी करून घ्या, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कमावलेली ताकद टिकवायला रोजची गरज नसते, आठवड्यातून तीन दिवस पुरतात. पूर्ण सोडलं तर काही महिन्यांत ती ओसरते, कुठल्याही स्नायूची ओसरते तशीच. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार धरले आहेत, सकाळी तीस आणि संध्याकाळी तीस. पीक फ्लो आणि पंप मात्र सातही दिवस.